स्मार्ट थर्मोस्टॅट: निवड, जोडणी आणि रोजचा वापर

थर्मोस्टॅट स्वतः हवा गारही करत नाही आणि गरमही करत नाही. खोलीचे तापमान मोजायचे, आपण ठरवून दिलेल्या तापमानाशी ते ताडून पाहायचे आणि त्याप्रमाणे यंत्राला चालू किंवा बंद होण्याचा इशारा द्यायचा, एवढेच त्याचे काम असते. स्मार्ट थर्मोस्टॅटमध्ये या कामाला वायफाय, आठवड्याचे वेळापत्रक, माणसांची चाहूल घेणारा सेन्सर आणि मोबाइलवरचे अ‍ॅप यांची जोड मिळते. तरीही इंधन किंवा वीज वाचते ती या जोडीमुळे नव्हे, तर घर रिकामे असताना किंवा सगळे झोपलेले असताना यंत्र कमी चालल्यामुळे. म्हणूनच उपकरण निवडण्याआधी आपल्या घराचा दिवस कसा जातो आणि आपले यंत्र कोणत्या जातीचे आहे, या दोन गोष्टी तपासणे जास्त महत्त्वाचे आहे.

या क्षेत्राला याचा अनुभव एकदा येऊन गेला आहे. वेळापत्रक भरता येणारे साधे प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट बाजारात रुळल्यावर त्यांच्याकडून मोठ्या बचतीची अपेक्षा होती; पण प्रत्यक्षात अनेक घरांत ती दिसली नाही आणि अमेरिकेतील एनर्जी स्टार या कार्यक्रमाने २००९च्या अखेरीस त्यांना मानांकन देणे थांबवले. उपकरणात दोष नव्हता. वेळापत्रक भरणे किचकट होते, म्हणून लोक एक तापमान ठरवून ‘होल्ड’चे बटण दाबत आणि ते वर्षभर तसेच ठेवत. स्मार्ट प्रकार हा मुख्यतः या मानवी आळसावरचा उपाय आहे. त्याच कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे मानांकित स्मार्ट थर्मोस्टॅटमुळे तापवण्या-गार करण्याच्या खर्चात सरासरी सुमारे ८ टक्के बचत होते. ही सरासरी आहे, हे मात्र विसरू नये. दिवसभर घरात माणसे असणाऱ्या कुटुंबात ती बरीच कमी भरेल, तर रोज आठ-दहा तास बंद राहणाऱ्या घरात तिच्याहून जास्तही होऊ शकेल.

बचत कुठून येते

घरातून बाहेर जाणारी किंवा बाहेरून आत येणारी उष्णता ही साधारणपणे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर ५ अंश सेल्सिअस आणि आत २० अंश असेल, तर फरक १५ अंशांचा होतो. आतले तापमान १६ अंशांवर येऊ दिले तर तोच फरक ११ अंशांवर येतो आणि उष्णतेची गळती सुमारे एक चतुर्थांशाने घटते. हे गणित जितके तास लागू राहील तितकी बचत. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार नेहमीचे तापमान रोज आठ तास चार ते साडेपाच अंशांनी सैल सोडले, तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत फरक पडतो.

याविषयी दोन गैरसमज फार चिवट आहेत. पहिला असा की, थंड झालेले घर पुन्हा तापवायला वाचवल्यापेक्षा जास्त इंधन लागते. तसे होत नाही. तापमान उतरलेले असते त्या काळात घर कमी उष्णता गमावते, आणि परत तापवताना भिंती-सामानातून उतरलेली उष्णताच काय ती भरून काढायची असते. याला काही अपवाद आहेत. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा अपवाद हीट पंपाचा असून तो पुढे येईल. दुसरा गैरसमज असा की, काटा टोकाला नेला तर खोली लवकर गार किंवा गरम होते. थर्मोस्टॅट म्हणजे नळाची तोटी नव्हे. जास्त फिरवल्याने धार वाढत नाही. एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्राला १८ अंश सांगितले काय आणि २५ सांगितले काय, ते त्याच जोराने चालते. फक्त १८ सांगितल्यावर ते २५ला थांबत नाही, आणि आपण विसरलो की तेवढी वीज फुकट जाते. इन्व्हर्टर एसी सुरुवातीला थोडा अधिक जोर लावू शकतो, पण खोली तापलेली असताना तो एरवीही जवळजवळ पूर्ण क्षमतेनेच चालत असतो.

आधी यंत्र ओळखा

नलिकांतून सगळ्या घरात हवा खेळवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेत थर्मोस्टॅटकडे येणाऱ्या तारांत बहुधा २४ व्होल्टचा कमी दाबाचा प्रवाह असतो, आणि बाजारातले बरेचसे स्मार्ट थर्मोस्टॅट याच यंत्रणेसाठी बनवलेले असतात. भिंतीच्या तळाशी बसवलेले विजेचे हीटर मात्र थेट घरातल्या मुख्य दाबावर चालतात. त्यांच्यासाठी वेगळे थर्मोस्टॅट मिळतात. २४ व्होल्टचे उपकरण तेथे जोडणे धोक्याचे आहे. जुन्या थर्मोस्टॅटच्या मागे जाड तारा, टोपणे लावून पिळलेली टोके किंवा ११० ते २४० व्होल्टचा उल्लेख दिसला, तर स्वतः हात न घालता वायरमनला बोलवावे.

बॉयलर आणि रेडिएटर असलेल्या घरात भिंतीवरचा थर्मोस्टॅट बॉयलरला हुकूम देतो, तर प्रत्येक रेडिएटरवरचा स्मार्ट व्हॉल्व्ह त्या त्या खोलीचा पाणीपुरवठा सांभाळतो. ज्या खोलीत मुख्य थर्मोस्टॅट आहे तेथील रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवावा. नाहीतर व्हॉल्व्ह आपल्या मापाने पाणी अडवतो, खोली ठरलेल्या तापमानाला पोहोचतच नाही आणि बॉयलर बाकीचे घर उगाच तापवत राहतो. बॉयलर आधुनिक कंडेन्सिंग प्रकारचा असेल, तर केवळ चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटपेक्षा पाण्याचे तापमान कमी-जास्त करू शकणारा थर्मोस्टॅट घेणे हिताचे ठरते, कारण परत येणारे पाणी सुमारे ५५ अंशांपेक्षा थंड असले तरच असा बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवू शकतो.

भिंतीवरच्या स्प्लिट एसीला बहुतेक वेळा थर्मोस्टॅटच्या तारा नसतातच. त्याच्यासाठी रिमोटसारखे इन्फ्रारेड संदेश पाठवणारा स्मार्ट कंट्रोलर मिळतो. त्याची एक मर्यादा आधीच माहीत असावी: हा संवाद एकतर्फी असतो. कंट्रोलरने हुकूम दिला, पण एसीने तो ऐकला की नाही हे त्याला कळत नाही, आणि घरातल्या कुणी मूळ रिमोटने तापमान बदलले तर अ‍ॅपमध्ये जुनाच आकडा दिसत राहू शकतो. त्यामुळे एसी स्पष्ट दिसेल अशा ठिकाणी कंट्रोलर ठेवावा आणि शक्य तर मूळ रिमोट बाजूला काढावा. एसी बंद करण्यासाठी स्मार्ट प्लगने थेट वीज तोडण्याची युक्ती काही जण वापरतात, ती टाळावी. कंप्रेसर थांबल्यावर आतला दाब समान होण्यासाठी काही मिनिटे लागतात आणि यंत्राला आपल्या क्रमाने थांबू देणेच त्याच्या आयुष्यासाठी चांगले असते.

तारा जोडताना

काम सुरू करण्यापूर्वी मुख्य फलकावरून थर्मोस्टॅटचाच नव्हे, तर तापवणाऱ्या आणि गार करणाऱ्या दोन्ही यंत्रांचा पुरवठा बंद करावा. बऱ्याच घरांत त्यांचे ब्रेकर वेगवेगळे असतात. जुन्या थर्मोस्टॅटचे झाकण काढले की छोट्या स्क्रूंखाली दाबलेल्या रंगीत तारा दिसतात. एकही स्क्रू सैल करण्याआधी त्यांचा जवळून, अक्षरे वाचता येतील असा फोटो घ्यावा, आणि मग एकेक तार सोडवून तिला त्या स्क्रूजवळच्या अक्षराची चिठ्ठी चिकटवावी. रंगांवर विसंबू नये. लाल तार ‘आर’ला आणि पिवळी ‘वाय’ला जोडण्याची प्रथा आहे खरी, पण आधीच्या माणसाच्या हाताशी जी तार होती ती त्याने वापरलेली असण्याची शक्यता नेहमीच असते. ‘आर’ म्हणजे वीज आणणारी तार, ‘वाय’ कंप्रेसरची, ‘डब्ल्यू’ तापवण्याची, ‘जी’ पंख्याची आणि ‘सी’ म्हणजे सामाईक परतीची तार. दोन स्क्रूंना जोडणारा तारेचा इंचभर तुकडा दिसला, तर तो भिंतीतून आलेला नसून नुसता पूल आहे. त्याला वेगळी तार धरू नये.

सगळ्यात जास्त घोळ ‘सी’ तारेवरून होतो. जुना थर्मोस्टॅट निव्वळ स्विच होता, त्याला स्वतःसाठी वीज लागत नव्हती; नव्याला पडदा आणि वायफाय चालू ठेवण्यासाठी ती चोवीस तास लागते. काही मॉडेल ‘सी’शिवायही चालतात, म्हणजे इतर तारांतून थोडी थोडी वीज उचलून बॅटरी भरतात. ते अनेक घरांत जमतेही. पण यंत्र फार दिवस बंद राहिल्यास बॅटरी उतरणे किंवा रिले, म्हणजे यंत्र चालू-बंद करणारा स्विच, नको तेव्हा कुरकुरणे असे प्रकार घडतात. त्यामुळे आधी भिंतीत केबलच्या मागे न वापरलेली एखादी तार गुंडाळून ठेवलेली आहे का ते पाहावे. ती सापडली तर तिचे एक टोक थर्मोस्टॅटच्या आणि दुसरे यंत्राच्या ‘सी’ला जोडून प्रश्न सुटतो. नाही सापडली, तर यंत्राजवळ बसवायचा अ‍ॅडाप्टर किंवा २४ व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर वापरावा.

तारा जोडून झाल्यावर, वरची पट्टी बसवण्यापूर्वी, त्या ज्या छिद्रातून आल्या ते पुट्टीने किंवा कापसाच्या बोळ्याने बुजवावे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते आणि म्हणूनच राहून जाते. भिंतीच्या पोकळीतून येणारी हवेची बारीक झुळूक थेट सेन्सरवर पडते आणि थर्मोस्टॅट खोलीऐवजी भिंतीच्या आतले तापमान मोजू लागतो.

जागेविषयी नियम सोपा आहे. जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, आतल्या भिंतीवर, जेथे घरातली माणसे खरोखर बसतात-वावरतात अशा खोलीत थर्मोस्टॅट असावा. त्यावर ऊन पडू नये. त्याच्याखाली दिवा, टीव्ही किंवा राउटर नसावा. स्वयंपाकघराची भिंत, बाहेरचे दार आणि हवेचे झरोके यांपासून तो लांब असावा. जागा बदलणे शक्य नसेल, तर ज्या खोलीला महत्त्व द्यायचे तेथे वेगळा वायरलेस सेन्सर ठेवावा. बरीच मॉडेल दिवसा बैठकीच्या आणि रात्री झोपण्याच्या खोलीतला आकडा प्रमाण मानू शकतात, आणि माझ्या मते पडद्याच्या रंगीबेरंगी देखाव्यापेक्षा या एका सोयीसाठी जास्त पैसे मोजणे योग्य आहे. बसवल्यानंतर शेजारी साधा तापमापक तासभर ठेवून दोन्ही आकडे ताडावेत. सतत एक-दोन अंशांचा फरक येत असेल, तर सेटिंगमध्ये तेवढी दुरुस्ती करता येते.

वेळापत्रक

अनेक उपकरणे आपल्या सवयी ‘शिकतात’. ती सोय वापरण्यास हरकत नाही, पण सुरुवातीचे वेळापत्रक स्वतः भरलेले बरे. शिकण्याच्या काळात पाहुणे आले, सुट्ट्या पडल्या किंवा कुणी आजारी पडले, तर उपकरण तेच नेहमीचे समजते. कागदावर कामाच्या दिवसाचे चार टप्पे पाडावेत: उठणे, घराबाहेर पडणे, परत येणे आणि झोपणे. सुट्टीच्या दिवसाचे टप्पे वेगळे लिहावेत.

हिवाळ्यात घर तापवायचे असेल, तर जागेपणी २० अंश, झोपेत १७ ते १८ आणि घर रिकामे असताना १५ ते १६ येथून सुरुवात करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या काळात घरातले तापमान सर्वसाधारण लोकांसाठी किमान १८ अंश असावे असे म्हटले आहे; घरात वृद्ध, तान्ही मुले किंवा श्वसनाचे रुग्ण असतील तर त्याखाली जाऊ नये, उलट थोडे वरच राहावे. जेथे पाणी गोठते अशा ठिकाणी गावाला जातानाही यंत्रणा पूर्ण बंद करू नये. १२-१३ अंशांवर ठेवल्यास नळ फुटण्याचा धोका टळतो. उन्हाळ्यात घर गार करायचे असेल, तर पंखा चालू ठेवून २५ किंवा २६ अंश आणि घर रिकामे असताना २८ ते २९ अंश, ही सुरुवात बहुतेकांना मानवते. त्यानंतर एका वेळी फक्त अर्धा अंश बदलावा आणि शरीराला दोन-तीन दिवस द्यावेत. एकदम तीन अंशांची उडी मारली, तर घरातले कुणी तरी दुसऱ्याच दिवशी ‘होल्ड’ दाबते आणि सगळी योजना तेथेच थांबते.

परत येण्याच्या वेळेला खोली तयार हवी म्हणून लोक यंत्र तासभर आधी सुरू होईल असे भरतात. उपकरणात आगाऊ सुरुवातीची सोय असेल, तर असे करू नये. त्या सोयीत आपण भरलेली वेळ ही यंत्र सुरू होण्याची नसून तापमान गाठण्याची वेळ असते. बाहेरचे हवामान आणि घराचा मागचा अनुभव पाहून सुरुवात केव्हा करायची हे उपकरण ठरवते. दोन्ही केले की यंत्र दुप्पट आधी धावू लागते.

झोपेचा टप्पा झोपण्याच्या वेळेआधी अर्धा तास सुरू करावा. तापवलेले घर लगेच थंड होत नाही, त्यामुळे तो अर्धा तास फुकटात मिळतो. जाड भिंतींच्या घरात हाच वेळ आणखी वाढवता येतो.

कोण घरात आहे हे ओळखणे

उपकरण दोन प्रकारे माणसांची चाहूल घेते. पहिल्या प्रकारात त्यावरचा सेन्सर हालचाल टिपतो. पण तो उष्ण वस्तूची हालचाल पाहतो, नुसती उपस्थिती नव्हे. एका जागी वाचत बसलेला किंवा दुपारी झोपलेला माणूस त्याला दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात कुटुंबातल्या सर्वांचे मोबाइल ठरावीक अंतराबाहेर गेले की घर रिकामे धरले जाते. यात सर्वांचे फोन नोंदवणे अत्यावश्यक आहे, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्या आजी-आजोबांचा किंवा शाळेतून लवकर येणाऱ्या मुलांचा विचार आधी करावा लागतो. मुलगा-सून कामाला निघाले म्हणून भर थंडीत आजींच्या खोलीचे तापमान उतरू लागणे, याला कुणी सोय म्हणणार नाही. घरात दिवसभर कुणी ना कुणी असेल, तर ही दोन्ही वैशिष्ट्ये बंद ठेवून साध्या वेळापत्रकावर राहावे.

आराम हा केवळ आकडा नाही

शरीराला जाणवणारा आराम हवेच्या तापमानाइतकाच आजूबाजूच्या पृष्ठभागांचे तापमान, हवेतला दमटपणा, हवेचा वेग, अंगावरचे कपडे आणि आपण करत असलेले काम यांवर अवलंबून असतो. थर्मोस्टॅट यांतला मुख्यतः एकच घटक पाहतो. थंड काचेच्या खिडकीशेजारी बसणाऱ्याला २१ अंशांतही हुडहुडी भरते; तेथे आकडा वाढवण्यापेक्षा जाड पडदा लावणे किंवा खुर्ची हलवणे हा खरा उपाय आहे. छताच्या पंख्याची झुळूक अंगावर असेल, तर एसीचे तापमान सुमारे दोन अंशांनी वाढवूनही तेवढेच बरे वाटते. मात्र पंखा माणसाला गारवा देतो, खोलीला नाही. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवला तर उलट मोटरची थोडी उष्णताच मिळते.

दमटपणाकडे विशेष लक्ष द्यावे. थर्मोस्टॅटवर आर्द्रतेचा आकडा दिसत असेल, तर तो साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असणे चांगले. आकडा ६०च्या फार वर असताना २४ अंशही चिकट वाटतात. अशा वेळी तापमान आणखी खाली आणण्याऐवजी एसीचा ‘ड्राय’ प्रकार वापरून पाहावा, आणि केंद्रीय यंत्रणेत पंख्याची सेटिंग ‘ऑन’वरून ‘ऑटो’वर आणावी. कंप्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहिला, तर गार कॉइलवर जमलेले पाणी पुन्हा हवेत मिसळते. हिवाळ्यात याउलट, रिकामे घर फारच थंड पडू दिले तर थंड भिंतींवर ओल धरून बुरशी येऊ शकते.

हीट पंप असेल तर

हीट पंप बाहेरची उष्णता आत ओढतो, त्यामुळे वापरलेल्या विजेच्या दोन-तीन पट किंवा त्याहूनही जास्त उष्णता तो देऊ शकतो. पण घर लवकर तापवण्याचा हुकूम मिळाला की अनेक यंत्रणा मदतीला विजेची कॉइल सुरू करतात, आणि ती एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देते. रात्री पाच अंश उतरवून सकाळी एकदम चढवले, तर वाचवलेली वीज ही कॉइल खाऊन टाकते. म्हणून हीट पंपाला एक-दोन अंशांचीच उतरण द्यावी, चढण सावकाश ठेवावी, आणि बाहेरचे तापमान अमुक अंशांच्या वर असताना कॉइल सुरूच होऊ नये अशी मर्यादा सेटिंगमध्ये घालावी. जमिनीखालून तापवणाऱ्या यंत्रणेलाही मोठी उतरण मानवत नाही. तिचा फरशीचा थर तापायला आणि निवायला कित्येक तास घेतो, त्यामुळे रात्री उतरवलेले तापमान दुसऱ्या दिवशी दुपारी परत येते. हीट पंप जोडल्यानंतर गार आणि गरम दोन्ही हुकूम एकदा देऊन पाहावेत. गार मागितल्यावर गरम हवा आली, तर गार-गरम अशी दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हसाठीच्या ‘ओ’ आणि ‘बी’ यांची निवड उलटी झालेली असते आणि ती सेटिंगमध्येच बदलता येते.

आलेख वाचणे

पहिल्या महिन्यात अ‍ॅपमधला आलेख आठवड्यातून एकदा पाहण्याची सवय लावावी. करवतीच्या दातांसारखी रेषा दिसणे स्वाभाविक आहे. यंत्र चालू-बंद होत असते. पण दात फार दाट असतील, म्हणजे तासात सात-आठ वेळा यंत्र सुरू होत असेल, तर थर्मोस्टॅटचा फरकाचा पट्टा, म्हणजे ठरलेल्या तापमानापासून किती ढळल्यावर यंत्र सुरू व्हायचे ते अंतर, अर्ध्या अंशावरून एक अंशावर न्यावा. कंप्रेसरची झीज कमी होते. यंत्र तासन्‌तास चालूनही रेषा ठरलेल्या तापमानाला टेकत नसेल, तर आधी फिल्टर काढून पाहावा. धुळीने भरलेला फिल्टर हे त्याचे सर्वांत स्वस्तात दूर होणारे कारण आहे. यंत्र थांबताच रेषा झपाट्याने घसरत असेल, तर दोष थर्मोस्टॅटचा नाही. दाराखालच्या आणि खिडकीच्या फटी शोधाव्यात.

बचत मोजताना या महिन्याचे बिल मागच्या महिन्याच्या बिलाशी ताडून काही कळत नाही, कारण हवामान बदललेले असते. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यातली युनिटे घ्यावीत, आणि यंदा थंडी किंवा उकाडा जास्त होता का हेही पाहावे. रुपये न पाहता युनिटे पाहावीत. दर बदलला की बिल दिशाभूल करते. दिवसाच्या वेळेप्रमाणे दर आकारला जात असेल, तर महाग तास सुरू होण्याआधी घर अंशभर जास्त गार किंवा गरम करून घ्यावे आणि त्या तासांत यंत्राला शक्य तितका आराम द्यावा. हे काम माणसाच्या आठवणीवर सोडता येत नाही. येथे स्मार्ट थर्मोस्टॅट आपली किंमत वसूल करतो.

खाते आणि हस्तांतर

घर केव्हा रिकामे असते याची नोंद या उपकरणाकडे साठत असते, म्हणून त्याच्या खात्याला वेगळा, बळकट पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी असावी. विकत घेण्यापूर्वी इंटरनेट बंद पडल्यावरही वेळापत्रक उपकरणातूनच चालते का आणि भिंतीवरून हाताने तापमान बदलता येते का, हे विचारून घ्यावे. बॅटरीवर चालणाऱ्या रेडिएटर व्हॉल्व्हच्या बॅटऱ्या थंडी सुरू होण्याआधीच बदलाव्यात. घर सोडताना उपकरण तेथेच राहणार असेल, तर ते अ‍ॅपमधून काढून मूळ स्थितीत आणावे, नाहीतर नव्या रहिवाशांच्या खोलीचे तापमान तुमच्या मोबाइलवरून बदलत राहील; आणि ते बरोबर नेणार असाल, तर तारांचा पहिल्या दिवशी घेतलेला फोटो पाहून जुना थर्मोस्टॅट परत जोडून द्यावा.